तलावाकडची मागची वाट

प्रिय भाऊ,

तू गेल्यापासून मी तुझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मनातल्या मनातसुद्धा नाही. वहिनी बोलते. रोज सकाळी तुझ्या फोटोसमोर उदबत्ती लावताना आज काय भाजी केली ते तुला सांगते. मला ते कधी जमलं नाही. पण आज आम्ही दोघी त्या रानातल्या उद्यानात जाऊन आलो, आणि तिथे मला तुझ्याबद्दल एक गोष्ट कळली. ती तू मला सांगितली नव्हतीस. म्हणून लिहायला बसले आहे. एरवी लिहिलं नसतं, खरं सांगते.

साडेचार महिने झाले. मला अजून रडू आलेलं नाही.

पोळ्याच्या चार दिवस आधी सकाळी फिरायला निघताना तू एक बूट पायात घातलास आणि दुसरा हातात घेऊन खुर्चीवर तसाच बसून राहिलास. वहिनीचा फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. दोन गल्ल्या ओलांडून मी पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. मी माझ्या चाकाच्या खुर्चीत, दारात होते. कोणीतरी म्हणालं, "ताई, खुर्ची जरा मागे घ्या." तुला बाहेर न्यायला वाट पुरत नव्हती. मी खुर्ची दोन हात मागे घेतली, ब्रेक लावला. तुझे पाय माझ्या गुडघ्यांजवळून गेले. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं.

तेराव्यानंतर ऑफिसला गेले. फायली तपासल्या, चहा प्यायले, एका बाईंना पेन्शनचा अर्ज कुठे द्यायचा ते नीट समजावून सांगितलं. सगळे म्हणाले, कुंदाताई किती खंबीर! खंबीर कसली? कापसाच्या ढिगात बोट खुपसावं तसं होतं. आत जातं, पण कुठे लागत नाही.

तुला आठवतं का रे, भिवापूरचं? आई मिरच्या वाळवायच्या मैदानावर, सातऱ्यावर जायची, लाल मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसून दिवसभर देठ खुडायची. बाबा घरात मागावर बसलेले. मला पोलिओ झाला तेव्हा मी दीड वर्षांची होते आणि तू सहा. मी शाळेत जायच्या वयाची झाले तेव्हा शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि माझ्या पायांत उभं राहायचा जोर नाही. मग तूच मला पाठीवर घेऊन न्यायला लागलास. सातऱ्यांच्या बाजूने जाताना मिरचीच्या खाटाने तुला शिंका सुटायच्या आणि प्रत्येक शिंकेला मी तुझ्या पाठीवर हिंदकळायची. तुझी मान घट्ट धरून ठेवायची. "अवं, गळा दाबून राहिली का माया?" असं ओरडायचास आणि पुन्हा शिंकायचास.

किती वर्षं नेलंस! थकलास असं एकदाही म्हणाला नाहीस. आणि एकदाही विचारलं नाहीस.

हे मी तुला कधी बोलले नाही, म्हणून आज बोलते. तू मला कधी विचारलं नाहीस, भाऊ. कमरेत वाकायचास आणि म्हणायचास, "चाल वं, बस." देवळात जायचं असो, लग्नात जेवणाच्या पंगतीत बसायचं असो, की दवाखान्याचा जिना असो. मी लहान होते तोवर ठीक होतं. पण मी मोठी झाले, हे तुझ्या लक्षात कोणी आणून द्यायचं?

नोकरीचा पहिला दिवस आठवतो? मी तेवीस वर्षांची. आईने नेसवलेली आमसुली साडी. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. मी कुबड्या टेकून एकेक पायरी चढणार होते, उशीर झाला असता तर झाला असता. तू खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून रात्रपाळी करून थेट आला होतास, फिटरच्या त्या तेलकट गणवेशात. आलास, वाकलास आणि मला उचललंस. वर दारात बाबूलोक उभे होते. मी तुझ्या खांद्यावर डोळे गच्च मिटून घेतले. तुला वाटलं, मी घाबरले. पुढची तीस वर्षं त्या ऑफिसात मी कितीही काम केलं तरी, "भावाच्या कडेवर बसून आलेली" हीच माझी ओळख राहिली.

तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं. आणि वाईट वाटलंच असतं न?

मग गेल्या जानेवारीतला तो रविवार. तू निवृत्त होऊन नागपुरात माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आलेला. पायांचे कॅलिपर आणि कुबड्या मला झेपेनाशा होऊन खुर्ची आल्याला काही वर्षं झालेली. तुझ्या मनात आलं की कुंदीने गेल्या कित्येक वर्षांत झाडसुद्धा धड पाहिलेलं नाही. म्हणून तू, वहिनी आणि मी निघालो. उमरेड रोडनं शहर सुटलं, की किती मोकळं वाटतं! तूर कापायला आलेली होती. मला खरंच छान वाटत होतं, भाऊ. तेही तुला सांगायचं राहिलं.

उद्यानाच्या दारात तो फिरता लोखंडी दांडा. माणूस जातो, खुर्ची जात नाही. चौकीदाराने गाड्यांचं मोठं फाटक उघडून दिलं. आत सिमेंटचा रस्ता, झाडांच्या नावांच्या पाट्या, बांबूचं बन. सगळं मी माझ्या हातांनी, माझ्या चाकांवर पाहत गेले. आणि मग रस्ता संपला. पुढे बावीस पायऱ्या, आणि खाली तलाव. वरून पाण्याचा तळहाताएवढा तुकडा दिसत होता. खाली पोरं "मगर! मगर!" म्हणून ओरडत होती. बहुतेक ओंडका असावा.

तू चष्मा काढून वहिनीकडे दिलास. मला कळलं. मी म्हणाले, "नको गा भाऊ. मी इथूनच पाहते."

"इथून काय दिसते? चाल."

तू साठीला टेकलेला, मी चोपन्न वर्षांची. तू वाकलास आणि मला उचललंस. तिसऱ्या पायरीवर तुझा श्वास मला कानाशी ऐकू आला. समोरून एक कुटुंब वर येत होतं. ती बाई थांबली, बाजूला झाली आणि मुलीला म्हणाली, "बघ बेटा, आजीला किती जपतात."

त्यानंतर मी जे बोलले, ते त्या पायऱ्यांवरच्या सगळ्यांनी ऐकलं. "मी सामान नाही गा! ठेव मले खाली! आत्ता ठेव!"

तू ठेवलंस. तिसऱ्या पायरीवर. मी बसल्या-बसल्या, हातांवर जोर देऊन, एकेक पायरी मागे सरकत वर आले. साडी मातीत घासली. तू बाजूला उभा होतास, हात नुसते लोंबकळत. तुझे हात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते.

दोन दिवसांनी तू नेहमीसारखा आलास. पालक आणलास, माझ्या खुर्चीच्या चाकांना तेल दिलंस. तू काही म्हणाला नाहीस, मीही नाही. आपल्या घरात भांडणं अशीच मिटतात. मिटतात की झाकतात?

जूनमध्ये एकदा, असंच तेल देता-देता, तू खाली मान घालून म्हणालास, "थंडीत चाल वं एकदा तिकडं तलावावर."

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मलाही आठवतं. पूर्ण आठवतं. "तिथे न्यायचं नाव काढू नको. तुझ्या खांद्यांचा आता मले कंटाळा आला."

तू "बरं" म्हणालास. चाक फिरवून पाहिलंस, हात पुसलेस आणि गेलास. तिथेच का नाही सांगितलंस रे? दोन वाक्यांचं काम होतं! तेव्हा बोलला असतास तर?

आज सकाळी वहिनी आली. म्हणाली, "कुंदाताई, चला, तलावावर जाऊन येऊ. भिंती पाहून राहिली मी चार महिन्यांपासून." नाही म्हणायला अंगात जोर लागतो, तो माझ्यात नव्हता. मी शाल घेतली. टॅक्सीवाल्याने खुर्ची मागे टाकली. उमरेड रोड लागला, तूर कापायला आली होती. मी खिडकीतून पाहत होते. दिसत होतं सगळं. एवढंच.

चौकीदार तोच. आम्हाला पाहून स्टुलावरून उठला, मोठं फाटक आम्ही न सांगता उघडलं आणि हसत म्हणाला, "आल्या का, मॅडम? लय वाट पाह्यली तुमची. भाऊ गाडी लावून राहिले का?"

वहिनीने तोंडाला पदर लावला. मी म्हणाले, "भाऊ नाहीत आता. ऑगस्टात गेले." साहेब आज रजेवर आहेत, असं काउंटरवर सांगते न मी, अगदी त्या आवाजात.

त्याने टोपी काढली. म्हातारा माणूस, खाली स्टुलावर बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "तं मंग त्यायनं तुमाले सांगतलंच नसन."

"काय?"

"भाऊ इथं तीनदा आल्ते, मॅडम. एकलेच. पयल्यांदा आले, तं पायऱ्यांपाशी नुसते बसून राह्यले. दुसऱ्यांदा मले इचारलं, झाडायले पाणी देता तं पंप कुठी आहे? पंपापर्यंत ट्रॅक्टर जात असन न? म्या म्हटलं, जाते, मागून. मंग म्या वाट दाखवली."

फिटरचं डोकं! जिथे पंप आहे तिथे पाणी आहे, आणि जिथे ट्रॅक्टर जातो तिथे पायऱ्या नसतात. हे मला का नाही सुचलं?

"तिसऱ्या खेपेले खुर्ची घेऊन आले. रिकामी, अशीच चाकाची. तिच्यावर पाण्याच्या वीस-वीस लिटरच्या दोन कॅन ठेवल्या, दोरीनं बांधल्या, अन् ढकलत नेली पार तलावापर्यंत. आमाले वाटलं, या माणसाचं डोकं सरकलं! दोन जागी चाक अडकलं. तं गाडीतून सब्बल आणली, दगड काढले, खड्ड्यात मुरूम भरला. भर उन्हाळ्यात, मॅडम. म्या इचारलं, काहून बा एवढं? तं म्हणे, 'माया बहिणीले उचललेलं आवडत नाही. तिची ती गेली पायजे.'"

भाऊ, तू असं म्हणालास?

मागच्या वाटेला साखळी असते, लोकांना तिकडून सोडत नाहीत. तू वरच्या साहेबांना अर्ज दिलास, खुर्चीसाठी साखळी उघडायची परवानगी घेतलीस, आणि या माणसाला बजावून गेलास की थंडीत आणतो. हेही त्याने सांगितलं. तो वाट पाहत राहिला.

मी ऐकत होते. तुला वाटेल, तेव्हा तरी मला रडू आलं असेल. नाही आलं. बोटं चाकाच्या कड्यावर गार पडली होती, ती मी शालीत घातली. आणि डोक्यात काय आलं असेल? दोन कॅन म्हणजे चाळीस किलो. माझं वजन चव्वेचाळीस आहे. चार किलो कमी धरलेस तू! विचारायचं होतं न मला! इतकी मेहनत केलीस, साहेबांना विचारलंस, चौकीदाराला विचारलंस, आणि मला विचारायचं तेवढं राहून गेलं.

नाही. राहून नाही गेलं. जूनमध्ये तू विचारत होतास. मीच तुला पुढे बोलू दिलं नाही. हे मला तिथे, त्या फाटकाशी कळलं.

चौकीदाराने साखळी काढली. मी गेले, भाऊ. माझी मी. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या, मधे गवत, एका चाकोरीत माझं एक चाक, दुसरं गवतावरून. दोन्ही बाजूंना सागाची मोठाली वाळकी पानं पडलेली, चाकाखाली कुरकुर वाजत होती. तू मुरूम भरलेल्या दोन्ही जागा मला ओळखता आल्या. तिथली माती वेगळ्या रंगाची आहे. चौकीदार हात पाठीमागे बांधून बाजूने चालत होता, खुर्चीला शिवला नाही. हेही तूच शिकवून गेला असशील. शेवटी जरा उतार आहे, तिथे खुर्ची मला आवरेना. तेव्हा मी म्हणाले, "आता धरा." त्याने धरलं. किती सोपं होतं रे, असं म्हणणं! आयुष्यभर मला "नको" तेवढं येत होतं.

आणि मग पाणी.

पाणी पाण्यासारखंच होतं. कडेला शेवाळ, मधे एक वाळलेलं झाड, त्यावर पंख पसरून बसलेले पाणकावळे. पंपाचं टिनाचं खोपट. मी ब्रेक लावला आणि वाट पाहत बसले. मला वाटलं, आता येईल रडू. इथे नाही तर कुठे? दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. एक पाणकावळा उडून गेला. चौकीदार फाटकाकडे परत गेला. काहीच झालं नाही.

वहिनी मागून हळूहळू येत होती. पोचली आणि सरळ जमिनीवर बसली, अन् तिला रडू कोसळलं. मग म्हणाली, "मले माहीत होतं, ताई. ते इथं येत होते ते. मले म्हणाले होते, कुंदीले सांगजो नको, आधी वाट पक्की होऊ दे. ते जूनमधी तुमच्याकडून आले, तं म्हणाले, राहू दे, तिचा राग जाऊ दे, थंडी तं येऊ दे."

"मग तुम्ही काहून नाही सांगितलं इतके दिवस?"

"सांगणार होती मी. पण तुमचा चेहरा पाह्यला की वाटे, याच्यावर अजून काय ठेवू?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खुर्चीतून तेवढाच पोचत होता. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. ऊन पाठीवर चांगलं लागत होतं. रविवार असून तिकडे कोणी नव्हतं, सगळी माणसं पायऱ्यांच्या बाजूला. त्यांचे आवाज पाण्यावरून येत होते.

निघायची वेळ झाली, आणि वहिनीला उठता येईना! एकदा हात टेकले, दोनदा टेकले. "ताई, गुडघे उघडूनच नाही राहिले वं!" आसपास चिटपाखरू नाही. मी खुर्ची तिच्याजवळ आडवी लावली, दोन्ही ब्रेक ओढले, आणि म्हणाले, "माझ्या दंडाला धरा. घट्ट. चला, एक, दोन…" खुर्ची वाजली, मी वाकडी झाले, वहिनी अर्धी उठून परत बसली आणि माझी शाल ओढून घेऊन गेली. दुसऱ्यांदा उठली. माझ्या आधाराने कोणी उभं राहिलं, असं माझ्या चोपन्न-पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा झालं. ती उभी राहिली, माझ्या खांद्यावर हात टेकून धापा टाकत राहिली, आणि आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आधी ती हसली. मग मी.

हो, मला हसू आलं. मोठ्याने. रडायला गेलेली बाई मी, आणि हसून आले.

परतताना गाडीत वहिनीने सांगितलं की तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं तू धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठरवून ठेवलं होतंस. पोळा झाल्यावरची तारीख होती. हेही मला माहीत नव्हतं! तू गेल्यावर तिने दवाखान्यात नको म्हणून कळवून टाकलं. मुलगा पुण्याला बोलावतो, ती जात नाही. इथे सोबत कोण राहील, म्हणून ती गप्प. चार महिने जिन्यावर कठडा धरून उतरत होती, आणि मी दोन गल्ल्यांवर राहून पाहिलं नाही. मी माझ्या कापसात होते.

तुझ्यावरचा माझा सगळा राग गेला, असं मी लिहिणार नाही. तो ऑफिसचा जिना अजून मला टोचतो. आणि जूनमध्ये बोलले ते शब्दही मला परत घेता येत नाहीत. दोन्ही राहू देत. रडू यायचं तेव्हा येईल. नाही आलं तर त्यालाही मी काय करू?

पण एक कबूल करते. संध्याकाळी घरी आल्याबरोबर मी त्या दवाखान्यात फोन केला. लिफ्टचं दार किती रुंद आहे ते विचारलं, खोलीत खुर्ची वळते का ते विचारलं. वळते म्हणाले. मग वहिनीसाठी नवीन तारीख घेतली, संक्रांतीनंतरची. मी रजा टाकते आहे. फोनवरची नर्स म्हणाली, पेशंटजवळ सतत कोणीतरी बसून राहावं लागेल हो, आठ-दहा दिवस. बसणं जमेल ना?

मी म्हणाले, बाई, त्यात माझा हात धरणारं सगळ्या नागपुरात कोणी मिळायचं नाही.

तुझी,
कुंदा